डोळ्यांची गुलामगिरी



बैलबाजारांत तुम्हांला फसविणारा अजून जन्मावयाचा आहे. बैल कितीहि देखणा असो, त्याच्या शिंगांना बेगड असो, अंगावर झूल असो, गळ्यांत घुंगुरमाळ असो. तुम्ही आधीं ती झूल बाजूला सारतां. जबडा उघडून दांत मोजतां, खूर उचलून पाहतां, खांद्यावर जुवाचे घट्टे आहेत कीं नाहींत तें चांचपतां, चार पावलें चालवून बघतां. धनी फारच वर्णन करूं लागला तर म्हणतां, "तोंडाचें राहूं द्या पाटील, औताला जुंपून दाखवा." मग रुमालाखालीं हात जातो आणि बोटांनीं भाव होतो. हीच गोष्ट कारागिराची. कुंभाराच्या मडक्याला बाई टिचकी मारून आवाज ऐकते. सुतार फळी डोळ्यापुढें धरून, एक डोळा मिटून, तिचा बाक पाहतो. सोनार तर पिवळ्या रंगाला भुलतच नाहीं. कसोटीच्या दगडावर रेघ उमटल्याशिवाय तो बोलायचा नाहीं.

आतां आमचा सवाल ऐका. बैल, मडकें, फळी आणि सोनें इतक्या बारकाईनें पारखणारे आपण लोक, माणूस समोर आला म्हणजे आंधळे कां होतों? त्याची झूल आणि बेगड पाहूनच व्यवहार कसा पुरा करतों? पांढरें शुभ्र कापड दिसलें कीं आपण खुर्ची पुढें सरकवितों. गोरी कातडी दिसली कीं तिला गुणी म्हणतों. इंग्रजीचे चार शब्द कानांवर पडले कीं बोलणाराला विद्वान ठरवितों. आणि मातींत राबून आलेला आपलाच भाऊ दारांत उभा राहिला तर त्याला "काय रे, काय काम काढलंस?" असें उभ्या उभ्या विचारतों. ही खोड बाहेरच्या कोणीं आपल्यावर लादली असेल; पिढ्यान्‌पिढ्या लादली, हेंच खरें. पण आज ती आपल्या डोळ्यांत घर करून बसली आहे, आणि ती काढल्यावांचून दुसऱ्याला शिव्या देण्यांत कांहीं अर्थ नाहीं. म्हणून आजचा कोरडा प्रथम आमच्याच पाठीवर.

गेल्या माघांत आमच्या घरीं पाहुणे आले. थोरल्या बंधूंच्या मुलीला, म्हणजे आमच्या पुतणीला पाहायला. मुलगी शेतकीची पदविका घेतलेली. ठिबकाची नळी कोठें तुंबली तें रोपाच्या पानावरून सांगणारी. दोन एकर कांद्याचा हिशेब पैन्‌पै लिहिणारी. पाहुणे आमच्यासारखेच कोरडवाहू. मुलाच्या आईचा रंग आमच्या रानांतल्या काळ्या मातीचा, मुलाचाहि तोच. पोहे झाले, चहा झाला. मुलीला नांव विचारलें, आडनांव विचारलें (जणूं तें ठाऊक नसतांच मोटार भाड्यानें करून आले होते!), उंची किती म्हणून विचारलें, चालून दाखवायला सांगितलें. औताला जुंपून दाखवा असें मात्र कोणी म्हणालें नाहीं. तिला काय येतें, तिनें काय केलें, हें एकानेंहि विचारलें नाहीं. चौथ्या दिवशीं मध्यस्थाकडून निरोप आला: मुलगी तशी बरी आहे, पण सांवळी आहे.

आमचा संताप झाला. आम्ही ओसरीवर बसून पाहुण्यांच्या सात पिढ्यांना नांवें ठेवूं लागलों. तेव्हां ती पोरगी आंतून आली आणि म्हणाली, "काका, पाहुणे यायच्या आधीं आईच्या हातांत पावडरीचा डबा कोणीं दिला होता?"

आम्हीं दिला होता. सत्य लिहावयाचें तर पुरतें लिहिलें पाहिजे. आम्हींच वहिनींना म्हणालों होतों कीं, पोरीचा चेहरा जरा उजळ दिसूं द्या. म्हणजे आमच्या मुलीवर झूल घालणारे आम्ही, आणि झूल पुरेशी चकचकीत नाहीं म्हणून नाकारणारे ते. दोघेहि एकाच बाजारांतले दलाल! मग शिव्या कोणाला द्यायच्या?

तेव्हांपासून हा विषय डोक्यांतून जात नाहीं. हा रोग आहे तरी काय, म्हणून आम्हीं शोध केला. विद्वानांनीं त्यावर शंभर वर्षें कष्ट केले आहेत, पण तें सगळें पोथ्यांत आणि विद्यापीठांत पडून आहे. आपल्या ओसरीवर तें यावयास पाहिजे.

अमेरिकेंत एडवर्ड थॉर्नडाइक नांवाचा एक मानसशास्त्रवेत्ता होऊन गेला. १९१५ सालीं त्याच्या ध्यानांत आलें कीं, मोठ्या कारखान्यांतले वरिष्ठ आपल्या हाताखालच्या माणसांविषयीं मत देतात तेव्हां बुद्धि, उद्योगीपणा, हातोटी, भरंवसा या अगदीं निराळ्या गोष्टींचे आंकडे एकाच दोरीला बांधल्यासारखे बरोबर चालतात. एकांत चढता तो सगळ्यांत चढता, एकांत उतरता तो सगळ्यांत उतरता. मग त्यानें लष्करांतल्या अधिकाऱ्यांनीं आपल्या हाताखालच्यांना दिलेले गुण तपासले आणि १९२० सालीं तें छापलें. तेथेंहि तेंच. शरीर, बुद्धि, पुढारीपण व शील हीं चार अंगें अधिकाऱ्याला वेगवेगळीं पाहतांच येत ना. गडी अंगानें नीटस दिसला कीं हुशारहि ठरे आणि सज्जनहि ठरे. अहो, छातीच्या रुंदीचा आणि इमानाचा काय संबंध? पण ज्यांच्या हातीं माणसांचे जीव, त्या अधिकाऱ्यांच्या डोळ्यांना तो संबंध दिसत होता.

या चुकीला थॉर्नडाइकनें नांव दिलें तें साधुपुरुषांच्या चित्रांत डोक्यामागें जें तेजाचें कडें काढतात, त्यावरून. आपल्याकडे त्याला तयार शब्द आहे: प्रभावळ. तांबट आळींत कोणालाहि विचारा. देव निराळा ओततात, प्रभावळ निराळी ठोकतात, आणि ती मागून बसवितात. देव वीतभर असला तरी प्रभावळ हातभर असली कीं देव मोठा दिसतो. तांबटाला तें ठाऊक असतें, कारण त्यानेंच ती ठोकलेली असते. ठाऊक नसतें तें हात जोडणाराला. माणसांचेंहि असेंच आहे. कपडा, रंग, उंची, वाणी, आडनांव, मोटार, ही सगळी मागून बसविलेली प्रभावळ. आणि आपण तिच्यापुढेंच नारळ फोडून मोकळे होतों.

प्रभावळ धातूचीच लागते असेंहि नाहीं. ती एका शब्दाचीहि होते. १९४६ सालीं सॉलोमन ॲश या दुसऱ्या पंडितानें एक साधा प्रयोग केला. एका न पाहिलेल्या माणसाचे सात गुण कांहीं लोकांना वाचून दाखविले: बुद्धिमान, कुशल, उद्योगी, मायाळू, निश्चयी, व्यवहारी, सावध. दुसऱ्या कांहींना तेच सात वाचले, फक्त "मायाळू"च्या जागीं "थंड मनाचा" हा शब्द घातला. मग विचारलें, हा माणूस उदार असेल कीं नाहीं? पहिल्यांपैकीं शेकडा ९१ जण होय म्हणाले, दुसऱ्यांपैकीं शेकडा ८. आणि माणूस तर कोणींच पाहिलेला नव्हता! एक शब्द फिरला, सगळा माणूस फिरला. सोयरीक जुळविणारा मध्यस्थ, पारावरचा चहाडखोर आणि निवडणुकींतला भाट, या तिघांनीं ॲशचें नांव ऐकलें नसेल, पण धंदा ते याच एका शब्दावर करतात. "पोरगा चांगला आहे हो, पण..." एवढेंच बोलायचें आणि पानाला चुना लावीत बसायचें. त्या "पण"नें किती घरें बसायच्या आधींच उठलीं, याचा हिशेब कोण ठेवतो?

आतां कपड्याचें पाहूं. १९५५ सालीं टेक्सास प्रांतांतल्या ऑस्टिन शहरांत तिघां अभ्यासकांनीं एका माणसाला रस्त्यावर उभें केलें. चौकांत थांबण्याची खूण लागलेली असतांना त्यानें कायदा मोडून रस्ता ओलांडायचा. कधीं तो भारी कोट आणि टाय घालून जाई, कधीं मजुराच्या कपड्यांत. माणूस तोच, चौक तोच. कोटवाल्याच्या मागून कायदा मोडून जाणारे लोक, मजुराच्या मागून जाणारांच्या सुमारें साडेतीन पट निघाले. म्हणजे खड्ड्यांत उडी घ्यायची तरी ती इस्त्रीच्या माणसामागून, एवढें त्या शहराचें शहाणपण!

हंसूं नका. आमच्या भागांत काय झालें तें सांगतों. कांहीं वर्षांमागें एक गृहस्थ पांढऱ्या मोटारींतून गांवोगांव फिरला. कडक इस्त्री, अत्तराचा वास, बोटांत तीन अंगठ्या, जिभेवर साखर. दोन वर्षांत पैसे दुप्पट करून देतों म्हणाला. त्याच्याजवळ कागद काय आहे, शिक्का कोणाचा आहे, पैसा तो कोणत्या धंद्यांत घालणार, हें विचारायला एकाचीहि जीभ रेटली नाहीं. "एवढा मोठा माणूस, त्याला असें कसें विचारायचें?" असें लोक एकमेकांना सांगत होते. बायांनीं शेळ्या विकल्या, अंगावरचें मणी-डोरलें मोडलें. त्याच दिवसांत गांवांतल्याच एका लोहाराचा मुलगा दारोदार हिंडत होता. शेतीचीं अवजारें सामाईक घेऊं, भाड्यानें देऊं, सगळ्यांचा मिळून वाटा ठेवूं, अशी त्याची योजना. हातांत हिशेबाची वही उघडी. पण अंगावर भात्याची काजळी! त्याला एका घरीं सांगितलें, "आधीं तोंड धुऊन ये, मग बोल." दुसऱ्या घरीं तेवढेंहि बोलले नाहींत. पांढरी मोटार गेली ती पुन्हा आली नाहीं. लोहाराच्या पोरानें भाता गुंडाळला आणि शहरांत चाकरी धरली. पैशापरी पैसा गेला, आणि माणसापरी माणूस गेला. दुसरा तोटा पहिल्याहून मोठा, पण त्याची फिर्याद कोणत्याच चौकींत लिहून घेत नाहींत.

कोणी म्हणेल, ही शुभ्र कपड्यांची जात आतां पूर्वींची राहिली नाहीं, आतां त्या कपड्यांत आपल्याच रक्ताचीं माणसें आहेत. तेंच तर दुखणें आहे! झूल तीच राहिली, आंतला बैल तेवढा बदलला. ज्या इस्त्रीपुढें आपले आजे वाकले, त्याच इस्त्रीपुढें आपण वाकतों. फरक इतकाच कीं आतां वाकतांना "आपलाच माणूस आहे" असें म्हणायची सोय झाली. गांवच्या चौकांतले फ्लेक्स पाहा. हात जोडलेला, गालांत हंसणारा तोच चेहरा दिवाळीला, वाढदिवसाला, जत्रेला, कोणी मेलें तर श्रद्धांजलीलाहि. त्यानें केलें काय, हें त्यावर लिहिलेलें नसतें, लिहायची गरजहि नसते. रॉबर्ट झायन्स यानें १९६८ सालीं दाखवून दिलें कीं, कोणतीहि अनोळखी आकृति किंवा अनोळखी चेहरा पुनःपुन्हा डोळ्यांपुढून नेला, तर कांहीं कारण नसतां तो आवडूं लागतो. फ्लेक्स लावणाराला हें शास्त्र पोथीवांचून पाठ आहे. आणि हा केवळ आपल्या अडाणीपणाचा दोष नव्हे. २००५ सालीं अलेक्झांडर टोडोरोव्ह व त्याच्या सोबत्यांनीं अमेरिकेंतल्या निवडणुकींतल्या उमेदवारांचीं नुसतीं छायाचित्रें लोकांना दाखविलीं आणि यांत कर्तबगार कोण दिसतो एवढेंच विचारलें. त्यांच्या सेनेटच्या निवडणुकींपैकीं सुमारें शेकडा ७० ठिकाणीं निवडून आलेला उमेदवार तोच, ज्याचा चेहरा या लोकांना कर्तबगार वाटला होता. इतकी शिकली-सवरलेली प्रजा, तीहि झूल पाहूनच बैल घेते!

इथवर फसवणूक दुसऱ्याला थोर समजण्याची झाली. तींत पैसा जातो, मत जातें. परंतु याच डोळ्यांनीं माणूस स्वतःकडे पाहूं लागला म्हणजे जें होतें, तें याहून भयंकर आहे, आणि खरें सांगायचें तर त्यासाठींच आम्हीं ही लेखणी उचलली.

जोतीराव फुल्यांनीं १८७३ सालीं आपलें "गुलामगिरी" हें पुस्तक अमेरिकेंतल्या ज्या सदाचारी लोकांनीं काळ्यांची गुलामी मोडली त्यांना अर्पण केलें, हें आपल्यापैकीं पुष्कळांस ठाऊक आहे. पायांतली बेडी तुटली, हें पाहून पुण्याच्या माळ्याला आनंद झाला होता. पण डोळ्यांतली बेडी? ती बेडी तुटल्याला पाऊणशें वर्षें होत आलीं, तेव्हां केनेथ व मेमी क्लार्क या काळ्या दांपत्यानें काळ्या लोकांच्या तीन ते सात वर्षांच्या २५३ मुलांपुढें बाहुल्या मांडल्या. सगळ्या बाहुल्या सारख्या, फक्त कांहीं गोऱ्या आणि कांहीं तपकिरी. खेळायला कोणती घेशील? शेकडा ६७ मुलांनीं गोरी उचलली. वाईट दिसते ती कोणती? शेकडा ५९ मुलांनीं तपकिरी दाखविली. मग विचारलें, "आतां तुझ्यासारखी दिसते ती दे." कांहीं लेंकरें तेथें रडूं लागलीं, कांहीं खोलींतून पळून गेलीं. हा अभ्यास १९४७ सालीं छापला गेला, आणि १९५४ सालीं शाळांतली काळ्या-गोऱ्यांची फारकत बेकायदा ठरवितांना तेथल्या सर्वोच्च न्यायालयानें क्लार्कच्या कामाचा हवाला दिला. चार वर्षांच्या पोराला हें कोणीं शिकविलें? मुद्दाम कोणींच नाहीं. तें डोळ्यांनींच शिकलें.

तीं मुलें सातासमुद्रापलीकडचीं, असें म्हणून सुटका करून घेऊं नका. आमच्या घरांतल्या पावडरीच्या डब्याची गोष्ट वर सांगितलीच आहे. गोरेपणा देतों म्हणणारें "फेअर अँड लव्हली" नांवाचें मलम आपल्या देशांत १९७५ सालीं बाजारांत आलें. २०२० सालीं जगभर ओरड झाली तेव्हां कंपनीनें "फेअर" हा शब्द खोडून "ग्लो" हा शब्द लिहिला. नांव बदललें. घेणारे हात बदलले काय?

उत्तर प्रदेशांतल्या खेड्यांत कार्ला हॉफ आणि प्रियांका पांडे या दोन बायांनीं केलेला प्रयोग तर प्रत्येक आईबापानें ऐकावा. सहावी-सातवींतले ६४२ मुलगे घेतले, निम्मे उंच मानलेल्या जातींचे, निम्मे खालच्या मानलेल्या. कागदावरचे चक्रव्यूह सोडवायचे, जितके सुटतील तितके पैसे. जात कोणाचीच पुकारली नाहीं तेव्हां दोघांच्या कामांत म्हणण्यासारखा फरक निघाला नाहीं. मग दुसऱ्या टोळ्यांत, खेळाआधीं प्रत्येकाचें नांव, गांव, बापाचें नांव, आज्याचें नांव आणि जात सर्वांसमक्ष पुकारली. तशींच मुलें, तेच कोडे. पण खालच्या म्हणविल्या जातीच्या मुलांचें काम घसरलें. बुद्धि कोणीं काढून घेतली नव्हती. चार लोकांचे डोळे आपल्याकडे कसे पाहताहेत हें त्या पोरांना आठवलें, एवढेंच. हा निबंध २००६ सालीं छापून आला. तरी अजून आपले गुरुजी वर्गांत उभें करून "कोणत्या जातीचा रे तूं?" असें विचारतात, आणि आपण त्यांना हटकीत नाहीं.

नोकरीच्या दारांतहि तेंच. सुखदेव थोरात आणि पॉल ॲटवेल यांनीं सारख्याच लायकीचे अर्ज निरनिराळ्या आडनांवांनीं खासगी कंपन्यांकडे धाडले आणि २००७ सालीं निकाल छापला. उंच जातीच्या नांवाच्या मानानें दलित नांवाला पुढचें बोलावणें येण्याचा संभव सुमारें दोन-तृतीयांशच. माणूस अजून दारांत पोहोंचलाहि नव्हता, आडनांवाची प्रभावळ आधीं पोहोंचली होती.

पण आम्हांला रात्रभर जागें ठेवलें तें दुसऱ्याच एका अभ्यासानें. रेमा हॅना आणि ली लिंडेन यांनीं आपल्याच देशांतल्या मुलांची बक्षिसाची परीक्षा घेतली. उत्तरपत्रिकांवर मुलांची जात चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणें वाटेल तशी लिहिली, आणि त्या शिक्षकांकडून तपासून घेतल्या. खालच्या जातीचें नांव पडलें कीं गुण किंचित् कमी पडत. फरक थोडा होता, पण होता. तुम्ही म्हणाल, यांत नवल काय; उंच जातीचे शिक्षक असणार. थांबा. २०१२ सालीं छापलेल्या त्या निबंधांत लिहिलें आहे कीं, ही कमी मोजणी करण्याकडे कल दिसला तो खालच्या म्हणविल्या जातींच्याच शिक्षकांचा. आपल्याच हातांनीं आपल्याच लेंकरांचें माप मारलें! तें पोर आपल्या भावाचें असेल, बहिणीचें असेल. पण तपासणाराच्या डोळ्यांत कोणाची तरी उसनी नजर बसलेली होती. सावकाराचें व्याज कागदावर दिसतें, फेडतां येतें. हें कर्ज कोणत्या वहींत आहे?

त्याच निबंधांत आणखी एक बारीक गोष्ट आहे, ती गुरुजींनीं गांठीला बांधावी. हा अन्याय अधिक झाला तो आरंभीं तपासलेल्या कागदांवर. पुढें पुढें, पुष्कळ उत्तरें वाचून हात बसल्यावर, नांवाचा पगडा कमी झाला. म्हणजे मोजायला कांहीं नसतें तेव्हां डोळा प्रभावळीकडे धांवतो. माप हातीं आलें कीं तो मापाकडे पाहूं लागतो. बैलाचे दांत मोजणाराला हें वेगळें सांगायला नको.

कित्येक शहाणे यावर म्हणतील कीं, देखणें तें आवडणें हा निसर्ग आहे, त्याला तुम्ही कोरडे मारून काय करणार? बाबांनो, आवडूं द्या! मोर आम्हांलाहि आवडतो. पण खळ्यावरची रास राखायला आम्ही मोराला बसवीत नाहीं. आवडणें हा गुन्हा नव्हे. आवडलें म्हणून तो खरा बोलतो, तिला संसार कळतो, त्याला हिशेब येतो, असें धरून चालणें हा गाढवपणा आहे. १९७२ सालीं डायन, बर्शाइड व वॉल्स्टर या तीन विदुषींनीं कांहीं छायाचित्रें तरुणांना दाखविलीं. देखण्या माणसांचा स्वभाव चांगला असेल, नोकरी मोठी असेल, संसार सुखाचा होईल, असें पाहणारांनीं ठरवून टाकलें. गंमत अशी कीं, तीं इतरांहून चांगलीं आईबाप होतील असें मात्र पाहणारांनीं मानलें नाहीं. म्हणजे पोरें सांभाळायचा प्रश्न आला तेव्हां थोडी तरी अक्कल शिल्लक होती!

दुसरे कोणी म्हणतात, आमच्या म्हाताऱ्याला चेहरा पाहूनच माणूस कळायचा. कळत असेल. पण म्हाताऱ्याचे जे अंदाज चुकले ते कोणीं लिहून ठेवले आहेत काय? पिकलेल्या वर्षाचीच गोष्ट सगळे सांगतात.

तर मग मळके कपडे दिसले कीं पाय धरावे काय? मुळींच नाहीं. फाटक्या कपड्यांचीहि प्रभावळ होते. निवडणूक जवळ आली कीं एरवीं गाडींतून न उतरणारे लोक बांधावर बसून भाकरी-ठेचा खातात आणि छायाचित्रवाला समोर असतो. तो ठेचाहि झूलच. आणि जे खरे होते त्यांनीं या प्रभावळीचा उलटा उपयोग करून दाखविला. १८८८ सालीं पुण्यांत ड्यूक ऑफ कनॉट यांच्या मानाप्रीत्यर्थ मेजवानी होती. सगळे जरीकिनखाबांत आले, जोतीराव शेतकऱ्याच्या वेषांत गेले, आणि या चकचकीत पोशाखांवरून देशाची पारख करूं नका असें त्यांनीं राजपुत्राच्या तोंडावर सांगितलें. गाडगेबाबा चिंध्या पांघरून, डोक्यावर फुटकें मडकें घेऊन गांवांत शिरत. दिवसभर गांव झाडीत. रात्रीं तोच झाडूवाला कीर्तनाला उभा राही आणि हजारों माणसें ऐकत. सकाळीं ज्यांनीं त्यांना हटकलें असेल त्यांचे डोळे रात्रीं जमिनीला लागत असतील.

आम्ही आमच्या घरापुरतें काय केलें तें सांगतों. ओसरीवर एक खुर्ची होती आणि एक घोंगडी होती. खुर्ची कोणाला आणि घोंगडी कोणाला, हें आम्ही माणसाच्या कपड्यांवरून ठरवीत आलों, हें आतां लिहितांना लाज वाटते. खुर्ची माळ्यावर टाकली. येईल तो घोंगडीवर, मग तलाठी असो कीं मेंढपाळ. पैशाची गोष्ट काढणाराला आधीं कागद मागतों, पांढरी मोटार असेल तर दोनदां मागतों. गांवच्या वाचनालयाची निबंधाची चढाओढ होते तिच्या कागदांवर नांवाऐवजीं आंकडा घालायचा असें गुरुजींकडून कबूल करून घेतलें आहे. गुरुजी आधीं रागावले. "माझ्यावर भरंवसा नाहीं काय?" म्हणाले. आम्हीं सांगितलें, भरंवसा आहे, पण वाण्यावरहि भरंवसा असतो तरी आपण तराजू पाहतोंच कीं. मग हंसले.

पुतणीला पाहायला आणखी एक घर येणार आहे, येत्या रविवारीं. यावेळीं तिनेंच अट घातली: ती मुलाला त्याच्या रानाचा माती-परीक्षणाचा कागद आणि कर्जाचा आंकडा विचारणार, आणि आपली कांद्याची वही त्याच्यापुढें ठेवणार. मध्यस्थ म्हणतो, असें कोठें असतें का? आम्हीं त्याला म्हटलें, बैलबाजारांत असतें.

पावडरीचा डबा वहिनींनीं फेकून दिला. आम्हांला मोठें समाधान वाटलें आणि तें आम्हीं बोलूनहि दाखविलें. वहिनी चुलीपुढून म्हणाल्या, "तें ठीक आहे भाऊजी. पण रविवारसाठीं तुम्ही तो नवा कोट आणि इस्त्रीची टोपी काढून ठेवली आहे, ती कोणासाठीं?"